गोणीवरची लाल शिवण

मी गाढवासारखा ओरडलो की खरी गाढवं कान टवकारून वळून बघायची. एवढं एक सर्टिफिकेट घेऊन मी कन्नड गावाहून शहरात आलो. तसे आवाज अजून बरेच होते. शाळेत हेडमास्तरांचा खोकला काढायचो, एस्टीच्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय?" काढायचो. साखर कारखान्याचा भोंगा तर असा काढला होता एकदा, की गल्लीतले दोन कामगार डबा घेऊन निघालेच. पण गाढव म्हणजे माझं खास. त्यातला श्वास आत ओढायचा भाग लोकांना जमत नाय. लोक नुसतं बाहेरचं ओरडतात.

शहरात नावाला कॉलेज. खरं काम क्रांती चौकापाशी एका रेकॉर्डिंगवाल्याकडं. रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिराती असतात ना, त्या मी बोलायचो. साड्यांचा सेल बाईच्या आवाजात, डोळ्यांचं शिबिर डॉक्टरच्या आवाजात, गादी भांडार झोपाळलेल्या आवाजात. माझा स्वतःचा आवाज कुणी मागितला नाय आणि मलाबी त्याची गरज वाटली नाय.

राहायला गुलमंडीच्या मागं, एका बोळात. बोळ असा, की समोरून माणूस आला तर एकानं ओट्यावर चढायचं. घर काकूंचं, वरची खोली माझी. काकू सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. घरातल्या दुधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा त्या 'संदर्भ' आणि 'विषय' लिहायच्या. मला हाक मारायच्या "बहुरूप्या". मी त्यांचाच आवाज काढून त्यांनाच उत्तर द्यायचो, मग त्या झाडू शोधायच्या.

तर उन्हाळ्यातली दुपार. बोळाच्या टोकाला एका घराचं बांधकाम चाललं होतं. टेम्पो बोळात शिरत नाय, म्हणून विटा, वाळू, मलबा, सगळं गाढवांवर. एक गाढवीण विटा घेऊन आली आणि काकूंच्या ओट्यासमोर पुढच्या गुडघ्यांवर बसली. बसली म्हणजे घसरलीच. वरच्या स्लॅबवरून मुकादम ओरडला, "अरे शेपूट पिळ तिची! शेपूट पिळ!"

मी ओट्यावरच होतो. सवयीनं माझ्या तोंडातून तसंच्या तसं निघालं, "शेपूट पिळ! शेपूट पिळ!" मुकादमानं दचकून मागं बघितलं, त्याला वाटलं मागं अजून एक मुकादम आला. सगळा बोळ हसला.

गाढववाला हसला नाय. हडकुळा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, पायात टायरची चप्पल. शेपटीला हातही न लावता तो खाली बसला आणि पाठीवरच्या विटा एकेक करून काढायला लागला. एक काढायचा, बाजूला ठेवायचा, गाढविणीच्या कानामागं खाजवायचा, मग दुसरी. काकू बादली घेऊन बाहेर आल्या. गाढविणीनं तोंड घातलं ते बादली रिकामी होईस्तोवर काढलं नाय.

"किती होत्या हो?" काकूंनी विचारलं.

"तीस, मायबाई."

"तीस? एवढ्या कशाला भरता?"

"मी कुठं भरतो? मुकादम भरायला लावतो. सोळाच्या वर भरू नये, माझा बाप सोळाच भरायचा. पण मी सोळा भरल्या की उद्या दुसऱ्याची जनावरं येतात इथं."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सोळाच भरल्या. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. तिसऱ्या दिवशी मुकादमानं दुसरी गाढवं बोलावली. चौथ्या दिवशी मामा (आम्ही त्यांना मामाच म्हणायला लागलो) काकूंच्या ओट्यावर येऊन बसले. पाची गाढवं खाम नदीच्या कडंला रिकामी बांधलेली.

"होळीपर्यंत बघतो," मामा म्हणाले. "नायतर मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथं नेऊन विकतो सगळी. मेव्हणा म्हणतो, वाळूजला कंपनीत वॉचमन लावतो तुला. आता मला सांगा मायबाई, मी गेट काय राखू? मला जनावरं राखता येतात."

काकू चष्मा पुसत बसल्या. त्या चष्मा पुसायला लागल्या की त्यांच्या डोक्यात पत्र तयार होत असायचं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानं चांगलं वागायचं म्हणजे एकट्यानंच उपाशी राहायचं. हे काही खरं नाही. सगळ्यांना एकच ओझं पाहिजे. त्याला नियमच हवा."

मला त्या दिवशी ते काय कळलं नाय. मला वाटलं, गाढवाला कायदा? मी हसलो. पण आठवड्याभरानं काकू सकाळी सकाळी जिना चढून माझ्या खोलीत. हातात छापील कागद, श्वास वरखाली. ह्या बाई पाच वर्षांत माझा जिना चढल्या नव्हत्या.

"ऊठ! मसुदा आलाय!"

राज्य सरकारनं ओझ्याच्या जनावरांसाठी नियम करायचं ठरवलं होतं. त्याचा कच्चा मजकूर राजपत्रात छापून आला होता. ओझं किती, दुपारच्या उन्हात सुट्टी किती, जखमी जनावर कामाला लावायचं नाय, असं सगळं. आणि खाली लिहिलं होतं की नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवण्यात येत आहेत, मुदत एक महिना, त्यानंतर सुनावणी.

"नागरिक म्हणजे कोण?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"तू, बावळटा! मी! मामा! ते लिहितायत की सांगा म्हणून. तीस वर्षं मी लोकांच्या सूचनांवर शिक्के मारले. आता माझी सूचना!"

मी तोवर राजपत्र म्हणजे काय ते बघितलंबी नव्हतं. पण काकू अशा पेटल्या होत्या की घरात लग्न निघालंय असं वाटायला लागलं. त्यांनी एक फॉर्म तयार केला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं. आम्ही त्याच्या झेरॉक्स काढल्या. मी रेकॉर्डिंगवाल्याला पटवलं आणि एक फुकटची जाहिरात बोललो, गाढवाच्या आवाजात. आधी मस्त ओरडायचं, मग म्हणायचं, "भावांनो, बहिणींनो, मी रोज तुमच्या घरासमोरून जातो, तुम्ही मला ओळखता." रिक्षा गुलमंडीतून शहागंजकडं निघाली आणि मागं पोरं लागली, पोरांच्या मागं बाया लागल्या. सराफ्यापाशी तीन खरी गाढवं उभी होती, त्यांनी भोंग्याला उत्तर दिलं. लोक इतके हसले, इतके हसले, आणि हसत हसत सह्या करत सुटले. तीन दिवसांत तीनशे सह्या! मी तर हवेत होतो. मला वाटलं कायदा झालाच.

काकू आणि मी गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. आवकच्या टेबलावरच्या माणसानं गठ्ठा चाळला. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान.

"मॅडम, मजकूर एकच आहे."

"हो, मग?"

"मजकूर एकच असला की सूचना एकच धरतात. खाली सह्या तीनशे असोत नाहीतर तीन हजार."

काकू पांढऱ्याफटक. बाहेर आल्यावर त्या कडुलिंबाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, मीच लावायचे रे हा नियम! मीच लोकांना असं परत पाठवायची! विसरले कशी?" आणि मग त्यांना हसू आलं. त्या हसल्या तसा मीबी हसलो. मुदतीला सात दिवस उरले होते.

मग सुरू झालं ते आमच्या ओट्यावरचं ऑफिस. एक सतरंजी, एक पाट, कोऱ्या कागदांचं रीम. ज्याला लिहिता येतं त्यानं आपल्या हातानं, आपल्या शब्दांत लिहायचं. ज्याला येत नाय त्यानं सांगायचं, मी लिहायचं. आणि काकूंची एक सक्त अट. अंगठा घ्यायच्या आधी लिहिलेलं सगळं त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला की अंगठा, आणि अंगठ्याखाली 'वाचून दाखविले' असं लिहून वाचणाऱ्यानं सही करायची.

"ह्या दोन शब्दांत सगळा कारभार आहे," काकू म्हणाल्या. "ते खोटं लिहिलंस तर पत्र खोटं."

मी मान डोलावली. माझं लक्ष होतं लोकांच्या बोलण्याकडं. काय बोलायचे लोक! मला तर मेजवानी. मी जसं ऐकायचो तसंच लिहायचो. बांगडीवाली बाई म्हणाली, "लिही, त्या गाढवाच्या पाठीवर जखम आन् जखमंवर पुन्हा वीट. मी माझ्या लेकराला ते दाखवलं नाय, दुसरीकडनं नेलं." पानवाला चाचा आला, गल्ल्याची किल्ली हातात फिरवत.

"देख, मेरी दुकान के सामने गधा गिरा था. एक घंटा ट्रॅफिक जाम. धंदा चौपट. वो लिख."

"चाचा, दया वगैरे काय लिहू का?"

"रहम-बिहम बाद में लिख, पैले ट्रॅफिक लिख. नक्को भूल."

मी ट्रॅफिक लिहिलं. काकूंनी ते आणि आधीची दोनचार पत्रं वाचली आणि कपाळाला हात लावला. "'लई बेक्कार हाल' हे काय शासकीय पत्रात लिहायचं असतं? 'धंदा चौपट'? अरे, 'व्यवसायास हानी पोहोचली' असं लिही."

"काकू, सगळ्यांचं तुमच्यासारखं लिहिलं तर सगळ्यांचं परत एकच होतंय की."

त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाल्या, "लिही बाबा, बेक्कार लिही." आणि पुढं दोन दिवसांनी मी त्यांनाच एका म्हातारीला विचारताना ऐकलं, "आजी, नुसतं वाईट म्हणालात की बेक्कार म्हणालात?"

सहा दिवसांत नव्वदच्या वर पत्रं झाली. एकासारखं दुसरं नाय. मला इतका जोर आला होता की मी संध्याकाळी चहाच्या टपरीवर पत्रांचे नमुने करून दाखवायचो. चाचा करायचो, बांगडीवाली करायचो. आणि लोक म्हणायला लागले, मामाचा कर, मामाचा कर. मामांचं पत्र अजून झालं नव्हतं. ते काम शोधत दिवसभर बाहेर. पण मला काय अडचण? त्यांचा आवाज माझ्या खिशात होता. तो घोगरा, वाक्याच्या शेवटी थोडा दम लागलेला आवाज मी काढला.

"साहेब, मी गाढववाला, पण काळीज माणसाचं हाय. ह्या मुक्या जिवाच्या पाठीवर आता एक बी वीट नको. बंद करा हा धंदा! गाढवावर ओझं लादायला राज्यातच बंदी घाला, साहेब!"

टपरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या! चहा फुकट! मला वाटलं, हे असलं भारी पत्र वाया घालवायचं? मी तिथंच बाकड्यावर बसून ते जसंच्या तसं लिहून काढलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मामा घाईघाईत आले. काकू बाकीची पत्रं पिशवीत भरत होत्या, कचेरी बंद व्हायला तासभर.

"पोरा, माझं राहिलं. लिही. आन् ते गोणीचं बी लिही, ओल्या..."

"मामा, तुमचं आधीच तयार हाय! तुमच्याच आवाजात!"

"काय लिहिलंस?"

"तुमचंच. मला पाठ हाय तुम्ही. अंगठा द्या पटकन, काकू निघाल्या."

मामांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि अंगठा दिला. मी खाली लिहिलं, 'वाचून दाखविले'. सही केली. काकू रिक्षात चढत होत्या, मी पळत जाऊन पिशवीत कागद कोंबला. पोच घेऊन त्या परत आल्या तेव्हा आम्ही जिलेबी खाल्ली.

सुनावणीचा दिवस. कचेरीचा मोठा हॉल, पंखे, खुर्च्या. समोर साहेब, केस पिकलेले, बोलणं शांत. बाजूला एक लघुलेखक बाई टिपून घ्यायला. काकू पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी. चाचा दुकान बंद करून आलेले. मागच्या दोन रांगांत शहरातले दहाबारा गाढववाले, हाताची घडी घालून. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सरकार गाढवं बंद करणार. त्यांच्या बाजूला आमच्या बोळातला मुकादम. मामा त्या सगळ्यांत बसले होते, ओळखीचे होते ना सगळे. त्यांची ती गाढवीण बाहेर कंपाऊंडमध्ये बांधलेली, कारण सुनावणीनंतर जवळच एका ठिकाणी वाळूच्या दोन खेपा मिळाल्या होत्या.

साहेब एकेक पत्र वाचायचे आणि माणूस हजर असला तर विचारायचे. चाचांचं ट्रॅफिक वाचलं तेव्हा साहेबसुद्धा हसले. "हे आपलं?" "बिल्कुल अपना, साहब." माझी छाती अशी फुगली! प्रत्येक पत्राला मी मनात टाळी देत होतो. मग साहेबांनी मामांचं घेतलं.

"'...पण काळीज माणसाचं हाय.'" साहेब वाचत होते. मामा कौतुकानं ऐकत होते, थोडे लाजत. "'बंद करा हा धंदा. गाढवावर ओझं लादायला राज्यातच बंदी घाला.'"

मग मागून एक गाढववाला उठला. "मामा! आमच्या पोटावर अंगठा उठवला का रं तू?" दुसरा म्हणाला, "स्वतःला काम मिळंना तर सगळ्यांचंच बंद करतो व्हय?" मुकादम मान हलवत हसायला लागला.

मामा उभे राहिले. टोपी हातात. चेहरा असा, की त्या दुपारी गाढवीण गुडघ्यावर आली होती तेव्हाबी तसा नव्हता. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. माझ्या टाळ्यांसाठी मी त्यांचा धंदा बंद करायची मागणी त्यांच्या अंगठ्यानं सरकारकडं पाठवली होती.

"हे आपलंच म्हणणं आहे ना?" साहेबांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडं बोट केलं नाय. ते म्हणाले, "साहेब, आवाज माझाच वाटतोय. म्हणणं माझं नाय."

"मग 'वाचून दाखविले' म्हणून सही कुणाची आहे?"

मी उठलो. तोंड उघडलं आणि पहिले दोन शब्द काकूंच्या आवाजात निघाले. खरंच! भीतीनं! काकूंनी मागं वळून असं बघितलं की मी मध्येच थांबलो. साहेब म्हणाले, "स्वतःच्या आवाजात बोला."

तो शोधायला मला थोडा वेळ लागला. बारीक निघाला, पण निघाला. "साहेब, मी लिहिलं. मामांना विचारलं नाय. वाचूनबी दाखवलं नाय. टपरीवर लोकांना आवडलं म्हणून लिहिलं."

लघुलेखक बाईंचं पेन थांबलं. साहेबांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ह्या सहीची बाकी किती पत्रं आहेत?"

"चाळीसेक," मी म्हणालो.

"मग ती सगळीच संशयाची झाली."

चाळीस माणसं! सात दिवस! आणि काकू उठल्या. इतकी वर्षं त्या टेबलाच्या त्या बाजूला बसल्या होत्या, ह्या बाजूनं बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. पण काय बोलल्या!

"साहेब, हा मुलगा मूर्ख आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पण त्या चाळिसातली बरीच माणसं ह्याच हॉलमध्ये बसलीत. एकेकाला वाचून दाखवा, विचारा. जो नाही म्हणेल त्याचं पत्र बाजूला काढा. आणि ह्या गृहस्थांचा अर्ज खोटा असेल, पण माणूस खरा आहे आणि समोर उभा आहे. सुनावणीला हजर असलेल्याचं तोंडी म्हणणं नोंदवता येतं. ते आत्ता नोंदवा, आत्ताच वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. फक्त लिहिणारा आणि वाचणारा हा नको."

"मेरा ट्रॅफिक तो सही है, साहब," चाचा मध्येच ओरडले. "एक लब्ज इधर का उधर नहीं." बांगडीवाली म्हणाली, "माझं बी खरं हाय." मग एकेक जण उठायला लागला. साहेबांनी हात वर केला, "बसा, बसा, विचारतो सगळ्यांना." मग मामांकडं वळले. "बोला. तुमचं काय म्हणणं?"

मामांची टोपी ह्या हातातून त्या हातात. मागून तो गाढववाला म्हणाला, "बोल की आता. बंद करायचं का चालू ठेवायचं?"

"चालू ठेवायचं," मामा म्हणाले. "साहेब, कागदात किलो लिहिलंय म्हणतात. बोळात काटा कुठंय? कोण तोलणार? मुकादम म्हणंल, एवढंच हाय, आन् मी म्हणंन, जास्त हाय. विटा मोजता येतात. सोळा म्हणजे सोळा, शेंबडं पोर बी मोजंल. वाळूचं मोजता येत नाय. म्हणून मी गोणीवर खूण केली."

"कसली खूण?"

"दाखवतो. खाली चला. मला इथं बसून सांगता यायचं नाय."

साहेब उठले! खरंच उठले! त्यांच्या मागं लघुलेखक बाई वही घेऊन, काकू, चाचा, गाढववाले, मुकादम, सगळी वरात जिन्यावरून खाली. मी सगळ्यात शेवटी. कंपाऊंडच्या भिंतीची डागडुजी चालली होती, तिथं वाळूचा ढीग. मामांनी गाढविणीच्या पाठीवरून गोणी उतरवली. दोन्ही बाजूंनी लोंबती ती दुतोंडी गोणी, पोत्याच्या कापडाची. तिच्यावर आडवी लाल दोऱ्याची शिवण होती. एक वर, एक बरीच खाली.

"कोरडी वाळू असंल तर वरच्या शिवणीपर्यंत. ओली असंल तर खालच्या. बायकोनं शिवून दिल्या."

"ओल्यानं एवढा फरक पडतो?" साहेबांनी विचारलं.

समोरच्या भंगारवाल्याकडं मोठा लटकता काटा होता. चाचा धावत गेले आणि भंगारवाल्यासकट काटा घेऊन आले. गोणीचं एक तोंड वरच्या शिवणीपर्यंत कोरड्या वाळूनं भरलं, टांगलं. साहेबांनी आकडा वाचला. मग मामांनी त्याच वाळूवर बादली ओतली. पाणी मुरलं, वाळू थोडी बसली. वरून बघितलं तर काहीच वाढलं नव्हतं. पुन्हा टांगलं. काटा सरकला, सरकला, अजून सरकला. एकाच बाजूला तीन विटांएवढं वाढलं!

"दोन बाजूंच्या सहा," मामा म्हणाले. "मुकादम म्हणतो, गोणी तेवढीच तर हाय. जनावर काय बोलणार?"

मुकादमाला राहवलं नाय. "साहेब, ह्यांच्या शिवणीनं भरलं तर खेपा वाढतात. काम कधी संपायचं?"

"वाढू द्या की," मामा म्हणाले. "खेपा वाढल्या तर काम कुणाला? आमालाच ना."

मागं हाताची घडी घालून उभे होते ना ते दहाबारा जण, त्यांच्या घड्या सुटल्या. मगाशी पोटाचं विचारणारा पुढं आला, शिवणीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे लिहा. हे बराबर हाय. पण सगळ्यांना सारखं पाहिजे. एकालाच नको." "सगळ्यांनाच!" दुसरा ओरडला. "माझं बी नाव लिहा!" एकदम गलका. गाढविणीनं त्यात आपला आवाज मिसळला. तो माझा नव्हता, हे मला तिथं चार जणांना शपथेवर सांगावं लागलं.

लघुलेखक बाईंनी उभ्या उभ्या लिहिलं. मग त्यांनीच मोठ्यानं वाचलं. मामा मान तिरकी करून एकेक वाक्य ऐकत होते, जसं सोनार तुकडा घासून बघतो तसं. बाईंनी शेवटी वाचलं, "'...अशी माझी नम्र विनंती आहे.'"

"थांबा," मामा म्हणाले. "विनंती नाय केली मी. तुम्ही विचारलं, मी सांगितलं."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. "खोडा. 'असे माझे म्हणणे आहे' लिहा."

मग अंगठा. माझ्या त्या पत्रावर साहेबांनी लाल शाईनं फुली मारली आणि कागद माझ्या हातात दिला. बाकीची चाळीस पत्रं त्यांनी एकेकाला विचारून तपासली, संध्याकाळपर्यंत. जे आले नव्हते त्यांना काकू दुसऱ्या दिवशी रिक्षानं घेऊन गेल्या. एकानंबी नाय म्हटलं नाय.

दुसऱ्या दिवशी मी मामांची माफी मागायला गेलो तर ते वाळूच्या खेपा करत होते. म्हणाले, "तू चांगली नक्कल करतोस. माझी कर, माझ्या समोर कर, मला बी हसू येतं. पण अंगठा मागू नको." आणि मला फावडं दिलं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत गोण्या भरल्या, शिवण बघून.

पक्के नियम यायला वेळ लागला. मामांनी मधल्या दिवसांत एक गाढव विकलं, दुसरं विकायला काढलं. काकू रोज राजपत्र बघायला जायच्या, तिथला ग्रंथपाल त्यांना बघून दुरूनच मान हलवायचा. मग एका दिवशी त्या रिक्षातून उतरल्या त्या ओरडतच उतरल्या. काकू, ओरडत! "आलं! आलं रे! विटा नगाने मोजाव्यात! गोणीवर कोरड्या व ओल्या भाराची खूण ठळक असावी!" बोळातल्या खिडक्या उघडल्या. मामांच्या बायकोला बोलावलं. ती पदर तोंडावर धरून हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. पुढचा आठवडाभर तिच्या दारात शहरातल्या गोण्यांची रांग होती, शिवण मारून घ्यायला.

आठ दिवसांनी मामांना बोलावणं आलं. त्याच मुकादमाचं, दुसऱ्या बोळातल्या दुसऱ्या बांधकामावर. मी आणि काकू गंमत बघायला गेलो. मुकादम स्वतः उभा राहून मोजत होता, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. सतरावी वीट त्याच्या हातात आली, त्यानं ती वर उचलली, मामांकडं बघितलं आणि परत ढिगावर ठेवली.

"मामा, असं भरून संध्याकाळपर्यंत ढीग संपंल का?"

"संपंल की," मामा म्हणाले. गाढविणीच्या मानेवर थाप मारून तिला पुढं काढली. "पण दुपारी बारानंतर उन्हाची सुट्टी हाय. ती बी लिहिलीय त्यात. तवर चहा सांगा."